नदीची वही आणि खाणीचा पंप

सिंधुदुर्गातील नद्या सह्याद्रीवरून निघून शंभर किलोमीटरही न चालता समुद्राला मिळतात. आषाढात दुथडी वाहणारी नदी चैत्रात कोंडीपुरती उरते. अशा नदीचे पाणी आगाऊ सांगण्याचे गणित आता संगणकाकडून करवून घेतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रॉफर्ड व लिन्स्ली यांनी १९६६ साली मांडलेल्या प्रारूपाचे तत्त्व साधे होते : पाऊस ही जमा, बाष्पीभवन, मुरवण व प्रवाह हा खर्च. वाण्याच्या वहीहून हे फारसे निराळे नव्हे.

दोडामार्ग तालुक्यात मात्र या वहीत आणखी दोन नोंदी हव्यात. पहिली तिलारी धरणाची. महाराष्ट्र व गोवा यांच्या १९९० च्या करारान्वये तेथील पाण्याचे ७३.३ व २६.७ टक्के असे वाटे ठरले; त्यात मोठा वाटा गोव्याचा. कालव्याने शेतात गेलेल्या पाण्यापैकी काही पाझरून पुन्हा ओहोळात उतरते. दुसरी नोंद लोहखनिजाच्या खाणीची. खाण भूजलाच्या खाली उतरली की खड्ड्यात झरे फुटतात आणि पाणी उपसून ओढ्यात सोडावे लागते. उन्हाळ्यात ओढा वाहता दिसतो खरा, पण तो वाहतो आसपासच्या विहिरींच्या मुद्दलावर.

प्रवाह मोजणाऱ्या केंद्राला सगळे पाणी सारखेच. संगणकाला केवळ पाऊस आणि प्रवाह पुरविला, तर मातीचे गुणांक इकडेतिकडे सरकवून आकडे जुळविता येतात. आणि जुळलेल्या आकड्याला सरकारी दप्तरात सहसा कोणी हरकत घेत नाही. पुढे पंप थांबतो, ओढा आटतो, खड्डा भरू लागतो. यांपैकी एकही गोष्ट ते प्रारूप सांगू शकत नाही, कारण पंप त्याच्या वहीत कधी नव्हताच.

याच तालुक्यातील कळणे येथे जुलै २०२१ मध्ये खाणीचा बांध फुटून चिखलाचे पाणी वस्तीत व बागायतीत घुसले. धरणाच्या पाण्याचा वाटा दशांशापर्यंत ठरलेला. खड्ड्यात साठणारे पाणी मात्र कोणत्याच करारात नाही. वस्तुतः तोही जलाशयच होय.

तेव्हा प्रारूप कितीही नवे आणा, त्याआधी खाणीतील पाण्याची पातळी, पंपाचे तास, कालव्याचे विसर्ग आणि भोवतालच्या विहिरींची खोली यांची रोजची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे. त्यासाठी महागडे यंत्र नको. पंपाला किती वीज वा डिझेल लागले, यावरूनही उपशाचा अदमास बांधता येतो.