रोख्यांचा फेरफार

सातबाऱ्यावर नाव कसं चढलं हे बघायचं तर फेरफार काढावा लागतो. निवडणूक रोख्यांचंही तसंच. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने योजना रद्द केली. १४ मार्चला निवडणूक आयोगाने दोन याद्या दिल्या. एकीत रोखे घेणारे, दुसरीत वटवणारे पक्ष. जोड काही लागेना! न्यायालयाने स्टेट बँकेला पुन्हा खडसावले, तेव्हा २१ मार्चला नंबर बाहेर आले. नंबराला नंबर लावून कळलं, की सिंचनाची मोठी कामे करणाऱ्या हैदराबादच्या मेघा इंजिनिअरिंगचे ९६६ कोटींचे रोखे कुठे कुठे गेले. नुसत्या देणगीवरून लाच ठरत नाही, हेही खरं. म्हणून आपल्या कालव्याचं टेंडर कधी निघालं, कार्यारंभ आदेश कधी झाला, या तारखा माहिती अधिकारात मागून शेजारी मांडाव्यात. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं.