विशेषणे आणि मायक्रोफॅरड

आवाजाबद्दल बोलताना आपण विशेषणे उसनी आणतो. मऊ आणि खरखरीत ही स्पर्शाकडून, गोड ही जिभेकडून, उजळ आणि मंद ही डोळ्यांकडून. संगीताच्या बैठकीत ती गायकाला लागतात. लाउडस्पीकर उघडणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसांच्या बैठकीत मात्र हीच विशेषणे बोटाच्या पेराएवढ्या एका सुट्या भागाला लागतात. त्याचे नाव कपॅसिटर. ‘हा रेशमी वाजतो’, ‘तो कोरडा आहे’, ‘याने तानपुऱ्यात हवा आली’ अशी वाक्ये मी गेली पंचवीसेक वर्षे ऐकतो आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास ६.८ मायक्रोफॅरडचा साधा कपॅसिटर थोडक्या रुपयांत मिळतो. तेवढ्याच मूल्याचा, आत तांब्याची किंवा चांदीची पट्टी गुंडाळलेला परदेशी कपॅसिटर काही हजारांना पडतो. दोघांवर छापलेला आकडा एकच.

मी अभियंता नाही. विजेचे जे काही कळते ते जुनी पुस्तके वाचून, मीटर लावून आणि पेट्या उघडून कळले आहे. या विशेषणांची थट्टा करणारे अभियंते मला भेटले आहेत आणि त्यांच्यावर घरखर्चाचे पैसे उधळणारे रसिकही. माझे मत दोघांहून वेगळे आहे. कानाने दिलेली साक्ष बहुतेक वेळा खरी असते. त्या साक्षीला जोडलेले कारण बहुतेक वेळा चुकीचे असते. हे कसे, ते पाहण्यासाठी पेटीच्या आत जावे लागेल.

घरगुती लाउडस्पीकरच्या पेटीत साधारणपणे दोन तोंडे असतात. मोठे तोंड म्हणजे वूफर; खर्ज आणि मधले स्वर त्याच्याकडे. लहान तोंड म्हणजे ट्वीटर. वरच्या वारंवारता त्याच्याकडे. ट्वीटरच्या आतल्या वेटोळ्याची तार केसासारखी बारीक असते. तबल्याच्या डग्ग्याचा जोर त्याच्यावर आला तर ते जळून जाईल. म्हणून येणाऱ्या प्रवाहाची वाटणी करणारी एक छोटी जोडणी मध्ये बसवतात. तिला क्रॉसओव्हर म्हणतात. तिच्यात वूफरच्या वाटेवर तारेचे वेटोळे असते आणि ट्वीटरच्या वाटेवर कपॅसिटर.

कपॅसिटरची मूळ रचना १७४५-४६ पासून बदललेली नाही. त्या सुमारास जर्मनीत फॉन क्लाइस्ट आणि हॉलंडमधल्या लायडनमध्ये मुसेनब्रुक यांना काचेच्या बरणीत वीज साठवता येते असे आढळले. दोन धातू आणि मध्ये वीज न वाहू देणारा पडदा, एवढाच त्याचा ऐवज. वीज पडदा ओलांडत नाही. एका बाजूला भार साठतो आणि दुसऱ्या बाजूचा तेवढाच हलतो. प्रवाह हळूहळू मागेपुढे होत असेल तर बरणी लवकर भरते आणि अडवू लागते. प्रवाह झपाट्याने मागेपुढे होत असेल तर ती भरण्याआधीच दिशा पालटते, म्हणून अडथळा जाणवत नाही. अडथळा किती, हे शाळकरी गणिताने काढता येते. १,५९,१५५ या संख्येला आधी वारंवारतेने आणि मग मायक्रोफॅरडने भागा, उत्तर ओहममध्ये मिळते. ६.८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३,००० हर्ट्झला ७.८ ओहम अडवतो, ३०० हर्ट्झला ७८. ट्वीटर स्वतः ८ ओहमचा धरला, तर वाटणीची सीमा २,९२६ हर्ट्झच्या आसपास पडते.

ही सीमा कुठे पडते ते आपल्या कानांसाठी महत्त्वाचे आहे. काळी एक हा षड्ज धरून लावलेल्या तानपुऱ्याच्या जोडीच्या तारेची मूळ वारंवारता सुमारे १३९ हर्ट्झ असते. तिचा विसावा स्वरांश २,७७० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका या सीमेवर येतो. तानपुऱ्यात एवढे वरचे स्वरांश ठळक का वाजतात याचा विचार चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात केला होता. घोडीच्या सपाट, किंचित उतरत्या माथ्यावर तार घासत राहते आणि वरच्या स्वरांशांना सतत ऊर्जा मिळते. आपण ज्याला जवारी म्हणतो ती हीच. व्यंजनांचेही तसेच. ‘श’ची सळसळ साधारण या सीमेच्या आसपास सुरू होते, ‘स’ची बरीच वर असते. वाटणी बिघडली की जवारी बोथट होते आणि शब्दांची धार जाते. ऐकणारा म्हणतो, ‘आवाज मंद झाला.’ त्याचे विशेषण अचूक असते.

आता कपॅसिटरच्या जातींकडे वळू. स्वस्त पेट्यांमध्ये, आणि एकेकाळी चांगल्या पेट्यांमध्येही, इलेक्ट्रोलायटिक जात वापरत. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तोच पडदा. शेजारी द्रवात भिजवलेला कागद. पडदा पातळ असल्याने लहान डबीत मोठे मूल्य बसते. दुसरी जात प्लॅस्टिकच्या पापुद्र्याची. तिच्यात पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन हे दोन मुख्य प्रकार. ज्याच्या बादल्या, दोर आणि पोती आपण वापरतो तेच हे पॉलिप्रॉपिलीन. इटलीत जूलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये ते आजच्या उपयोगी रूपात घडवले आणि १९६३ मध्ये कार्ल झीग्लर यांच्यासह नोबेल मिळवले.

या जातींमधला कानाला कळण्याजोगा फरक शोधताना मी तीन गोष्टी तपासतो: मूल्य, अंतर्गत रोध आणि वय.

मूल्याची गोष्ट सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित. इलेक्ट्रोलायटिकवर ६.८ छापलेले असले तरी २० टक्के इकडे-तिकडे चालेल, अशी सूट बऱ्याचदा असते. म्हणजे खरे मूल्य ५.४४ असू शकते किंवा ८.१६. पहिल्यात सीमा ३,६५७ हर्ट्झवर चढते, दुसऱ्यात २,४३८ वर उतरते. या दोन टोकांमध्ये २,००० हर्ट्झला ट्वीटरच्या पातळीत जवळजवळ अडीच डेसिबलचा फरक पडतो. एक डेसिबलचा फरकही लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कळू शकतो. एकाच दुकानातून, एकाच पाकिटातून घेतलेले दोन कपॅसिटर ‘उजळ’ आणि ‘मंद’ वाजू शकतात, ते यामुळे.

दुसरी गोष्ट अंतर्गत रोधाची. कोणताही कपॅसिटर परिपूर्ण नसतो. थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. गणितासाठी तिला कपॅसिटरशी एकसर जोडलेला छोटा रोध मानतात. नव्या इलेक्ट्रोलायटिकमध्ये तो अडथळ्याच्या ५ टक्के धरला, तर आपल्या उदाहरणात सुमारे ०.४ ओहम होतो. ८ ओहमच्या ट्वीटरसमोर त्याने वरच्या टापूतली पातळी ०.४ डेसिबलने खाली येते. पॉलिएस्टरमध्ये हा तोटा साधारण अर्ध्या टक्क्याचा, म्हणजे ०.०४ डेसिबल. चांगल्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये त्याच्याही दहावा भाग. इलेक्ट्रोलायटिककडून पापुद्र्याकडे गेल्यावर ‘पडदा उठला’ असे कुणी म्हटले तर मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. स्वस्त पॉलिप्रॉपिलीनकडून महाग पॉलिप्रॉपिलीनकडे गेल्यावर तेच म्हटले, तर आधी दोघांचे मूल्य मोजून पाहतो.

तिसरी गोष्ट वयाची. इलेक्ट्रोलायटिकमधला द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो. मूल्य घटते आणि रोध वाढतो. ओळखीचे एक निवृत्त शिक्षक त्यांची तीसेक वर्षांची पेट्यांची जोडी घेऊन आले होते. ‘कुमारांचे शब्द पूर्वीसारखे लागत नाहीत हो,’ एवढीच तक्रार. आपले कानच म्हातारे झाले, अशी समजूत करून घेऊन ते पेट्या भंगारात द्यायला निघाले होते. आतल्या ६.८ च्या कपॅसिटरने मीटरवर ५.१ दाखवले आणि रोध १.६ ओहम. हिशेब केला तर ३,००० हर्ट्झला पावणेदोन डेसिबल आणि १०,००० हर्ट्झला सव्वा डेसिबल हरवले होते. वय वाढते तसे वरचे स्वर कमी ऐकू येऊ लागतात हे खरेच आहे, पण एवढी घट कानाने सोसलेली नव्हती, ती पेटीत होती. दोन्ही पेट्यांत नवे कपॅसिटर बसवायला दोन चहांइतका वेळ लागला.

इथे एक बारकावा आहे. मी पॉलिप्रॉपिलीनचा कपॅसिटर बसवला, पण त्याच्याशी एकसर ०.३९ ओहमचा रोधही जोडला. कारण मूळ आराखडा करणाऱ्याने इलेक्ट्रोलायटिक लावून, ऐकून आणि मोजून तोल साधलेला असतो, त्याचा ०.४ ओहम त्या तोलात धरलेला असतो. नुसता ‘चांगला’ कपॅसिटर लावला की ट्वीटर मूळ हेतूपेक्षा ०.४ डेसिबल वर जातो. पहिल्या दिवशी हे उजळपण सुखावते. महिनाभराने तेच कान थकवते आणि मग माणूस आणखी महाग कपॅसिटर शोधायला निघतो. खर्चाचे हे चक्र मी अनेक घरांत फिरताना पाहिले आहे.

कपॅसिटरच्या पडद्याला स्वतःचा ‘आवाज’ असतो का, हा वाद जुना आहे. १९८० साली अमेरिकेतल्या ‘ऑडिओ’ मासिकात वॉल्टर युंग आणि रिचर्ड मार्श यांनी कपॅसिटरची निवड या विषयावर दोन भागांत लेख लिहिला. पडद्यात थोडा भार मुरून राहतो आणि नंतर परत येतो, या गुणाकडे त्यांनी ध्वनिप्रेमींचे लक्ष वेधले. हा गुण खरा आहे. पॉलिप्रॉपिलीनमध्ये अगदी अल्प, पॉलिएस्टरमध्ये जास्त, इलेक्ट्रोलायटिकमध्ये बराच. पुढे २००२ पासून ‘इलेक्ट्रॉनिक्स वर्ल्ड’ मासिकात सिरिल बेटमन यांनी कपॅसिटरमुळे होणारी विकृती पद्धतशीर मोजली. त्यासाठी त्यांना अत्यंत शुद्ध स्वर देणारी उपकरणे स्वतः बनवावी लागली, इतकी ती बारीक होती. इलेक्ट्रोलायटिक आणि पापुद्र्याच्या जातींमधला फरक त्यांच्या मापनात दिसतो. पण चांगल्या पॉलिप्रॉपिलीनची विकृती ट्वीटरच्या स्वतःच्या विकृतीपुढे नगण्य ठरते. ट्वीटरचा पडदा आणि वेटोळे हलताना जी विकृती करतात ती टक्क्याच्या दहाव्या भागाच्या घरात सहज जाते. तिच्याखाली टक्क्याच्या हजाराव्या भागाहून लहान गोष्ट ऐकू येते, असे म्हणणाऱ्याने ती ऐकून दाखवायला हवी.

ऐकून दाखवण्याची रीतही ठरलेली आहे. १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी अशा आंधळ्या तुलनेसाठी बनवलेल्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. ऐकणाऱ्याला ‘अ’ आणि ‘ब’ ऐकवतात, मग ‘क्ष’ ऐकवून तो दोघांपैकी कोणता ते विचारतात. १६ वेळा विचारले आणि १२ वेळा बरोबर आले, तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. घरीही हे करता येते. दोन कपॅसिटर मोजून एक टक्क्याच्या आत जुळवायचे, रोधाचा फरक भरून काढायचा, खटका दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि कागदावर खुणा करायच्या. तासभर सोल्डरिंग करून, चहा पिऊन, आठवणीतल्या आवाजाशी नव्याची तुलना करणे ही परीक्षा नव्हे. आवाजाचे इतके बारीक तपशील आठवणीत काही सेकंदांपलीकडे टिकत नाहीत. टिकते ते विशेषण.

म्हणून मला विशेषणे टाकून द्यावीशी वाटत नाहीत. ‘मंद’, ‘कोरडा’, ‘डोळ्यांवर आल्यासारखा उजळ’ या शब्दांनीच मला अनेकदा दोष कुठे आहे ते दाखवले आहे. मीटर लावायचा कुठे हे आधी कानच सांगतो. फक्त त्या शब्दाचे श्रेय चांदीला, तांब्याला किंवा किमतीला देण्याआधी ते मूल्याचे, रोधाचे की वयाचे, एवढे पाहून घ्यावे. साध्या मीटरने मूल्य कळते. रोध मोजणारा मीटरही आता महाग राहिलेला नाही.

ज्यांच्या घरी वीस-तीस वर्षांपूर्वीच्या पेट्या आहेत आणि ज्यांना गाणे हल्ली दूर गेल्यासारखे वाटते, त्यांनी पेट्या विकण्याआधी एखाद्या जाणत्याकडून आतले इलेक्ट्रोलायटिक मोजून घ्यावेत. बदलायचे झाल्यास दोन्ही पेट्यांतले एकदम बदलावेत, जुळलेली जोडी घ्यावी, वापराच्या व्होल्टपेक्षा जास्त क्षमतेचे घ्यावेत आणि मूळ रोध भरून काढायला सांगावे. मध्यम किमतीचे पॉलिप्रॉपिलीन पुरे. उरलेल्या पैशांत दोन-चार चांगल्या ध्वनिमुद्रिका येतील.