डोळ्याचा पडदा आणि हरवत चाललेली स्मृती

रविवारच्या मिस्सेला वर्षानुवर्षे ठरावीक बाकावर बसणारे एखादे आजोबा अचानक येईनासे होतात. चौकशी केली असता घरची मंडळी संकोचाने सांगतात, "फादर, हल्ली त्यांना काही आठवत नाही, चारचौघांत न्यायला नको वाटते." 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, स्मृतिभ्रंश हा मेंदूच्या विकारांतून उद्भवतो, तो वार्धक्याचा अटळ भाग नव्हे, हे अनेक कुटुंबांच्या ध्यानीच येत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा. म्हणूनच या विषयातील एका महत्त्वाच्या संशोधनाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

आपल्या डोळ्याच्या आत मागील बाजूस एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल किंवा रेटिना म्हणतात. गर्भावस्थेत मेंदू घडत असताना त्याच्याच एका भागातून हे दृष्टिपटल तयार होते. तेथील पेशींचे दहा लाखांहून अधिक तंतू एकत्र येऊन डोळ्याची नस बनते आणि ती थेट मेंदूकडे जाते. मेंदू कवटीच्या आड दडलेला असला, तरी त्याचा हा एवढा अंश डॉक्टरांना बाहुलीतून, कोणतीही चिरफाड न करता पाहता येतो.

१९०६ साली जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी स्मृतिभ्रंशाच्या एका रुग्णाच्या मेंदूतील बदलांचे वर्णन केले. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अल्झायमरच्या मृत रुग्णांच्या डोळ्यांच्या नसा तपासल्या, तेव्हा तेथील तंतूही झडलेले आढळले. १९९१ मध्ये पुढे आलेल्या ओसीटी या प्रकाशकिरणांच्या तपासणीमुळे जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचे थर मोजणे शक्य झाले. ब्रिटनमधील ३२ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या दृष्टिपटलातील तंतूंचा थर पातळ होता, त्यांची आकलनशक्ती तुलनेने कमी आढळली आणि पुढील तीन वर्षांत ती आणखी घटण्याची शक्यताही अधिक दिसली. अमेरिकेतील संशोधकांनी तर हळदीतील कर्क्युमिन या द्रव्याच्या साहाय्याने अल्झायमरशी निगडित अमायलॉइड प्रथिनाचे साठे दृष्टिपटलात चमकवून दाखविले. येथे कर्क्युमिन केवळ खुणेसाठी वापरले गेले. हळद घेतल्याने स्मृतिभ्रंश बरा होतो, असा अर्थ कोणीही काढू नये.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. काचबिंदूमुळे, तसेच वाढत्या वयानेही हा थर पातळ होतो. त्यामुळे केवळ डोळ्याच्या तपासणीवरून स्मृतिभ्रंशाचे निदान आज करता येत नाही. तशी हमी कोणी देत असल्यास तिच्यावर विश्वास ठेवू नये.

मग आज आपण काय करावे? घरातील वडीलधाऱ्यांचे डोळे नियमित तपासून घ्यावेत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ समितीने उपचाराविना राहिलेल्या दृष्टिदोषाचा स्मृतिभ्रंशाच्या धोक्यांमध्ये समावेश केला. "आता या वयात कशाला ऑपरेशन?" असे म्हणून मोतीबिंदू तसाच ठेवणे योग्य नव्हे. ओळखीची वाट चुकणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, नेहमीचे शब्द न सुचणे अशी लक्षणे दिसल्यास विलंब न करता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणि ज्यांची स्मृती आधीच ओसरली आहे, त्यांना घराच्या कोपऱ्यात लपवून ठेवू नये. आजचा दिवस न आठवणाऱ्या कित्येक आजी लहानपणी पाठ केलेली रोझरी ओठांनी म्हणत राहतात, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. अशा आजारी जनांसाठी ख्रिस्तसभेचे तैलाभ्यंग आहे, पवित्र कम्युनियन आहे. आपल्या घरी अशी व्यक्ती असल्यास संकोच न बाळगता आपल्या धर्मग्रामातील धर्मगुरूंना कळवावे, ही आमची नम्र विनंती.