काट्यावर न चढणारा माल

जुन्या गाड्या मोडून नेमकं कमावतो कोण, हे एकदा बघून ये, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोक्यात केंद्र सरकारचं वाहन-मोडीत धोरण होतं. माझ्या डोक्यात कुर्ला होतं. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यातला. फियाट 1100, मग प्रेसिडेंट आणि शेवटी पद्मिनी, सगळ्या इथूनच बाहेर पडल्या. कारखाना गेला, जमिनीवर टॉवर आले. पण त्याच कुर्ल्यात, कलिन्याकडे जाणाऱ्या सीएसटी रोडच्या पट्ट्यात, मिठी नदीच्या अंगाला, गाड्या खोलणाऱ्यांचे आणि जुने पार्ट विकणाऱ्यांचे गाळे अजून उभे आहेत. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेर तिचा परवाना संपला. जिथे गाडी जुळली त्याच उपनगरात ती सुटी व्हावी, असा योग दुसऱ्या कुठल्या गाडीच्या नशिबी असेल असं वाटत नाही.

गाळा म्हणजे दहा बाय पंधराची खोली आणि तिच्यापुढचा रस्ता. खोलीत माणसाला उभं राहायला जागा नाही. छतापर्यंत सेल्फ, अल्टरनेटर, कार्ब्युरेटर, हेडलाइट, दरवाज्याच्या काचा. कशावरही चिठ्ठी नाही. काम सगळं बाहेर, तेलाने काळ्या झालेल्या जमिनीवर चालतं. मी गेलो त्या सकाळी एक पांढरी मारुती 800 टोचन करून आणली होती. ती खोलायला बसलेला माणूस साठीचा असावा. सगळे त्याला चाचा म्हणत होते, म्हणून मीही तेच म्हणू लागलो.

चाचाने पहिल्यांदा बॅटरी काढली, कारण तिला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. शिशाचा भाव बाजारात ठरलेला असतो आणि बॅटरीवाला दारात येऊन घेऊन जातो. मग चाकं. मग बोनेट, डिकी, चारही दरवाजे, काचांसकट. या सगळ्यात हातोडा कुठेच नाही. भंगारवाला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आदळआपट येते. इथे मात्र दरवाजाची बिजागरी सुटताना रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून चाचा मध्ये चिंधी धरत होता. पांढऱ्या रंगाचा धड दरवाजा जसाच्या तसा दुसऱ्या पांढऱ्या गाडीला बसतो, डेंटिंग-पेंटिंगचा खर्च वाचतो. ओरखडा गेला की त्याची किंमत पडते.

गाडी अडली ती सायलेन्सरपाशी. एक्झॉस्टच्या जोडावरचे नट गंजून एकजीव झालेले. मी तासभर तिथेच उकिडवा बसून होतो आणि एवढा वेळ एका नटाकडे बघण्यात गेला याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. आधी त्याने नटावर डिझेल टाकलं आणि दुसऱ्या कामाला लागला. परत येऊन नटाच्या डोक्यावर हलके ठोके दिले, सुटावा म्हणून नव्हे, आट्यांमधली गंजाची पकड मोडावी म्हणून. पाना लावून पहिल्यांदा नट उलट दिशेला, म्हणजे घट्ट करायच्या बाजूला, केसभर फिरवला. मग सैल करायच्या बाजूला. पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. दोन सुटले. तिसरा ऐकेना, तेव्हा गॅस कटरची ज्योत बारीक करून फक्त नट तापवला. नट लाल झाला, फुगला, पाना लावताच फिरला. त्याच ज्योतीने तो कापला असता तर काम मिनिटात झालं असतं. पण मग स्टड तुटला असता आणि इंजिन विकताना गिऱ्हाइकाने तेवढ्यासाठी हजार रुपये पाडून मागितले असते. चाचाच्या सगळ्या कलेचं मोल त्या हजार रुपयांत आहे, असं म्हटलं तरी चालेल.

आता हिशोब. मारुती 800 चं रिकामं वजन साधारण 650 किलो. त्यातलं लोखंड, पत्रा आणि बीड मिळून साडेचारशे किलो धरू. भंगाराचा भाव रोज हलतो. समजायला सोपं म्हणून किलोला 30 रुपये धरले, तर अख्खी गाडी काट्यावर चढवून साडेतेरा हजार हातात येतात. गाडीचा मालक पंधरा-वीस हजारांखाली उतरायला तयार नसतो. टोचनचं भाडं, गॅस, दोन माणसांची हजेरी आणि गाळ्याचं भाडं वेगळंच. म्हणजे नुसत्या वजनावर धंदा पहिल्याच दिवशी तोट्यात. जुना वाडा पाडणारा सागवानी दारं, खिडक्या आणि खांब आधी विकतो, विटा-माती शेवटी, तसंच इथेही आहे. इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे, काचा, अल्टरनेटर, सेल्फ, सस्पेन्शनचे तुकडे यांतून जे येईल तोच नफा. काट्यावरच्या पैशांतून गाडीची किंमतही पुरती भरून निघत नाही.

पण हा नफा लगेच मिळत नाही. इंजिन आठवड्यात जाईल, उजव्या बाजूचा मागचा दरवाजा वर्षभर पडून राहील. तोवर त्याला जागा लागते, आणि मुंबईत जागेइतकी महाग दुसरी वस्तू नाही. म्हणूनच गाळ्यातला खरा वाकबगार माणूस मला चाचाइतकाच गल्ल्यावर बसलेला मालकही वाटला. कुठला पार्ट ठेवायचा आणि कुठला आत्ताच काट्यावर पाठवायचा, हे तो बघताक्षणी ठरवत होता. अमुक सालच्या झेनचा अल्टरनेटर तमुक व्हॅनला बसतो, हे त्याला कुठे बघावं लागत नव्हतं. चुकीचा निर्णय म्हणजे फुकट अडवलेली फळी.

लोखंड इथून ट्रकने भट्ट्यांकडे जातं. महाराष्ट्रात भंगार वितळवून सळई बनवणाऱ्यांचं मोठं केंद्र जालना. मोडलेल्या मोटारीचा पत्रा कुणाच्या तरी स्लॅबच्या सळईत जाऊन बसतो. इथे एक तांत्रिक गोष्ट आहे आणि ती मला फार आवडली. लोखंडाबरोबर तांबं भट्टीत गेलं तर ते पुन्हा वेगळं काढता येत नाही. कार्बन जळून जातो, सिलिकॉन मळीत निघून जातो, तांबं मात्र पोलादातच राहतं आणि प्रमाण वाढलं की गरम पोलाद लाटताना त्याला चिरा पडतात. अमेरिका-युरोपात अख्खी गाडी श्रेडरमध्ये घालून तिचे मुठीएवढे तुकडे करतात. मग चुंबकाने लोखंड उचललं तरी मोटरींच्या गुंडाळ्या आणि वायरिंगचे तुकडे त्यात अडकून येतात. चाचा वायरिंगचं अख्खं जाळं डॅशबोर्डाखालून, एकही क्लिप न तोडता, ओढून काढतो. त्याच्या हातून आलेला पत्रा त्या करोडोंच्या यंत्राच्या मालापेक्षा तांब्याच्या बाबतीत स्वच्छ असतो. याचा त्याला वेगळा भाव मिळत नाही, ही गोष्ट निराळी.

या धंद्याचं कौतुक इथपर्यंतच. कारण त्याच गाडीतलं इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि कूलंट जिथे सांडलं तिथेच मुरलं. एसीचा गॅस तर पाइप सोडताक्षणी हवेत गेला. न विकल्या गेलेल्या वायरी तांब्यासाठी जाळल्या जातात तेव्हा निघणारा धूर ज्याने एकदा घेतला आहे तो विसरत नाही. गाळेवाला स्वस्तात गाडी खोलतो याचा एक अर्थ असाही आहे की उरलेला खर्च मिठी नदीच्या आणि आसपास राहणाऱ्यांच्या नावावर मांडला जातो.

सरकारने 2021 मध्ये नियम आणले ते यासाठीच. नोंदणीकृत मोडीत केंद्रात गाडी आली की आधी बॅटरी, तेलं आणि गॅस काढून घ्यायचा, मगच बाकीचं. गाडी चोरीची नाही हे पोलिसांच्या नोंदींत तपासायचं, तिच्यावर कर्ज किंवा थकबाकी नाही हे बघायचं, चासीचा नंबर असलेला तुकडा कापून सहा महिने जपायचा. मालकाला गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून नवी खासगी गाडी घेतली तर रस्ता करात 25 टक्क्यांपर्यंत आणि व्यापारी गाडीला 15 टक्क्यांपर्यंत सवलत राज्य देऊ शकतं. धोरण सांगताना मोडीची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या 4 ते 6 टक्के मिळेल असा अंदाज दिला होता. पाच लाखांच्या गाडीमागे वीस ते तीस हजार. महिंद्र आणि एमएसटीसी यांचं ग्रेटर नोएडातलं केंद्र नियमांच्याही आधीचं, मारुती आणि टोयोटा त्सुशोचं नोएडातलं 2021 चं, टाटांनी 2023 मध्ये जयपूरपासून सुरुवात केली.

मग अडतं कुठे? गाड्याच येत नाहीत, किंवा पुरेशा येत नाहीत. पंधरा वर्षांची मारुती चालत असेल तर तिला जुन्या गाड्यांचा दलाल भंगारापेक्षा जास्त पैसे देतो. ती मुंबईतून तालुक्याच्या गावी जाते आणि आणखी पाच-सात वर्षं धावते. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 2022 च्या एप्रिलपासून 600 वरून 5,000 रुपये झाली आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी 10,000. तरीसुद्धा ज्याला गाडी वापरायची आहे तो ती भरतो. मोडीत जाणारी गाडी ही बहुतेकदा ठोकलेली, पुरात बुडलेली किंवा सोसायटीच्या आवारात वर्षानुवर्षं टायर बसून पडलेली असते. तिच्या मालकाला आरसी बुक सापडत नाही, कर्ज फेडल्याचा बँकेचा दाखला त्याने कधी आणलेला नसतो. केंद्राला हे सगळे कागद हवेत. गाळेवाला किल्ली आणि रोख एवढ्यावर व्यवहार मिटवतो. त्यात मालकाचा धोका असा की नोंदणी त्याच्याच नावावर जिवंत राहते आणि तो चासी नंबर उद्या दुसऱ्या एखाद्या चोरीच्या गाडीवर बसला, तर पोलीस त्याच्याच दारात येतात.

नोंदणीकृत केंद्राचा खर्चही वजनावर भागत नाही. शेड, फरशी, तेल साठवायच्या टाक्या, परवानग्या, पगार. शिवाय ऑक्टोबर 2024 पासून बिननोंदणी विक्रेत्याकडून धातूचं भंगार घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यालाच जीएसटी भरावा लागतो. कुर्ल्याचा गाळेवाला यातल्या कशातच नाही. केंद्रांना आधार मिळेल तो एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या नियमांचा. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनी पूर्वी विकलेल्या गाड्यांतल्या पोलादापैकी सुरुवातीला निदान 8 टक्के परत मिळवल्याचं दाखवायचं, आणि त्यासाठीची प्रमाणपत्रं या केंद्रांकडून घ्यायची. मला वाटतं, कायदेशीर मोडीला नफ्यात आणेल तर हेच आणेल. रस्ता करातली सवलत नव्हे.

गाळ्यांचं तर जागेवरच सगळं अवलंबून. 2025 च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामं आणि शेड हजारोंच्या संख्येने पाडली. ती बेकायदा होती, वारंवार आगी लागत होत्या, नदी नासत होती, यात वाद नाही. पण फळ्यांवर वर्षभर थांबायला ठेवलेला माल एका दिवसात हलवायचा म्हटलं तर तो शेवटी वजनाच्याच भावाने जातो.

आणि येणाऱ्या गाड्या बदलत चालल्या आहेत. महानगरांत 1995 पासून नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्यातल्या पॅलेडियम आणि ऱ्होडियममुळे गाळ्यांना काही वर्षं बरी गेली. 2021 मध्ये ऱ्होडियम औंसाला 29,000 डॉलरच्या वर होतं, दोन वर्षांत पाच हजारांच्या आत आलं, आणि चढ्या भावात कन्व्हर्टर घेऊन ठेवलेले बसले. नव्या गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीत टाकायचं तर किल्लीची चिप आणि संगणक जुळवावा लागतो. एअरबॅगमध्ये स्फोटक आहे, चाचा तिला हात लावत नाही. तीन-चारशे व्होल्टची विजेवरची गाडी त्याने अजून खोललेली नाही. तिच्यातला सर्वांत महाग भाग म्हणजे बॅटरी, आणि 2022 च्या नियमांनी ती गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. ती गाळ्यापर्यंत पोचलीच नाही तर चाचाकडे उरेल तो पत्रा, साडेतेरा हजारांचा.