प्रार्थना मागणारी भिंत

इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यात लाँग मेलफर्ड नावाचे गाव आहे. तिथले होली ट्रिनिटी चर्च पाहिले की पहिला प्रश्न पडतो, एवढ्याशा गावाला एवढे मोठे चर्च कशासाठी? उत्तर मेंढ्यांच्या पाठीवर आहे. इथले व्यापारी लोकरीच्या कापडावर श्रीमंत झाले आणि पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी जुने चर्च जवळजवळ नव्याने उभारले. (मनोरा मात्र १९०३ चा. जुन्यावर वीज पडली होती.)

सफोकमध्ये बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही. मिळते ती गारगोटी, चकमक झाडायची ती. फोडली की आतून काळी, काचेसारखी निघते. गवंड्यांनी दुरून आणलेल्या फिकट दगडात आकार कोरले आणि त्यांत या फोडलेल्या गारगोट्या अगदी सपाट बसवल्या. टंचाईतून अशी देखणी भिंत तयार झाली. खिडक्या त्या काळच्या पर्पेंडिक्युलर शैलीतल्या, त्यांचे दगडी दांडे सरळ उभे वर जातात. भिंत कमी, काच जास्त. त्यामुळे आत उजेडच उजेड.

पण मला जवळची वाटतात ती बाहेरच्या भिंतीवर, खिडक्यांच्या वर लांबवर गेलेली अक्षरे. ज्यांच्या पैशातून काम झाले त्यांची ही नावे. ती नुसती मिरवत नाहीत, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवतात : यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा. आणि हे लॅटिनमध्ये नाही, गावाच्या इंग्रजीत आहे. मेल्यानंतर आत्म्याला शुद्ध होईपर्यंत यातना भोगाव्या लागतात आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्या कमी होतात, अशी तेव्हाची श्रद्धा होती. कबरीपाशी फातिहा म्हणणाऱ्या घरात मी वाढलो, त्यामुळे ही विनंती मला परकी वाटत नाही.

दात्यांत अग्रणी होता जॉन क्लॉप्टन. त्याच्या खासगी प्रार्थनागृहात छताखाली जॉन लिडगेटच्या कविता रंगवलेल्या आहेत. लिडगेट हा जवळच्याच बरी सेंट एडमंड्सच्या मठातला भिक्षू. कवितेला छताखाली अशी कायमची जागा मिळालेली पाहून कोणाही कवीला हेवा वाटावा!

पुढे धर्मसुधारणा आली. मृतांसाठी प्रार्थना करणे ही अंधश्रद्धा ठरली आणि १५४७ च्या कायद्याने त्यासाठी ठेवलेल्या देणग्या सरकारजमा झाल्या. याच गावचा रॉजर मार्टिन जुन्या पंथाला धरून राहिला. आपल्या लहानपणीचे चर्च कसे होते, ते त्याने म्हातारपणी लिहून ठेवले. वेदीवरचे क्रुसाचे एक चित्र त्याने घरी जपले होते. ते जीर्ण झाले होते, पण वारस ते दुरुस्त करून कधीतरी परत जागेवर लावतील, अशी आशा त्याने लिहिली आहे.

चर्चच्या पूर्व टोकाला असलेल्या लेडी चॅपेलमध्ये नंतर शाळा भरू लागली. गुणाकाराचा तक्ता अजून तिथल्या भिंतीवर आहे. आणि बाहेर, ज्या प्रार्थनेला कायद्याने अर्थच ठेवला नाही, ती मागणारी अक्षरे कुणी खरवडून काढली नाहीत.