रद्दीतील अक्षरे

अक्षर असलेल्या कागदास पाय लागला, तर मूल बाळापुरातील असो वा पुण्यातील, ते वाकून त्या कागदास हात लावते आणि तो हात कपाळी नेते. जुन्या चीनमध्ये ही भावना याहून पुढे गेली होती. तेथील धर्मादाय मंडळे टोपलीवाले नेमीत. ते रस्तोरस्ती हिंडून लिहिलेले चिटोरे वेचीत आणि खास बांधलेल्या भट्टीत ते आदराने जाळीत. इकडे रस्त्यातील कागद वेचला जातो तो वजनावर विकण्याकरिता. आणि वेचणाऱ्या मुलास त्यावरील अक्षर पुष्कळदा वाचता येत नाही.

या मुलाच्या बाबतीत कायदा फारसा कामी आला नाही. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलास कारखान्यात घेण्याची बंदी केली. १९८६ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांस कित्येक धोक्याच्या धंद्यांत मज्जाव केला. परंतु कायदा धरतो तो मालकास, आणि उकिरडा उपसणाऱ्या मुलाचा मालक कोण? भंगारवाला म्हणतो, आपण केवळ माल तोलून घेतो. आई म्हणते, पोर माझ्याबरोबर आले आहे. दोघांचेही म्हणणे खरेच असते!

पुण्यात १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण कार्यातील मंडळी अशा मुलांस लिहावयास शिकविण्याकरिता त्यांच्या वस्तीत गेली. पण मुलांचा दिवस कचराकुंडीपाशीच सरे. कुंडीतील कागद खरकट्याने भिजलेला. त्यास भाव कमी. आईने एकटीने वेचून भागत नसे, म्हणून पोराचे हात लागत. तेव्हा पाटीपेन्सिलीआधी कुंडीचाच विचार करणे भाग पडले. सुका माल घरातच निराळा ठेवून दारात आईच्या हाती दिला, तर तो कोरडा राहतो, थोड्या वेळात अधिक दाम देतो, आणि पोरास बरोबर आणण्याचे कारणही उरत नाही. कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन हे पटविले. मात्र लवकरच त्याच मालासाठी एक कंत्राटी गाडी फिरू लागली, आणि संघटनेवाचून हक्क टिकत नाही हे बायांस उमगले. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांच्या साहाय्याने १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. तिने दिलेल्या ओळखपत्रांस पुढे पुणे महापालिकेची मान्यता मिळाली, आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या वेचकांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदारचे काम हाती घेतले.

अस्वच्छ मानलेल्या धंद्यांतील कुटुंबांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती १९७७-७८ पासून आहे. आरंभी तीत कचरावेचकांचा समावेश नव्हता. तो मागाहून झाला. तिच्या अर्जास आईबापांच्या धंद्याचा दाखला जोडावा लागतो.