पत्र्याचं बळ घडीत

आठ फूट बाय चार फुटांचा बावीस गेजचा लोखंडी पत्रा वजनाला फार नसतो. जेमतेम साडेसोळा किलो भरतो. तरी तो एकट्याने उचलून नेणं जिकिरीचं. एका टोकाला धरावा तर दुसरं टोक जमिनीला लागतं, मधोमध धरावा तर दोन्ही बाजू लोंबतात, आणि वाटभर त्याचा गडगडाट चालू राहतो. याच पत्र्याच्या चारही कडा दोन-दोन इंच काटकोनात वाकवा. लोंबणं थांबतं आणि टेबलाचा माथा म्हणून तो वापरता येतो. धातू तोच, जाडी तीच, वजनही तेवढंच. फरक पडला तो आकारात.

पत्रेकामाचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. पातळ पत्र्याला अंगचं बळ नसतं, ते कारागिराने द्यायचं असतं. जाडी दुप्पट केली की पत्र्याचा ताठपणा आठपट होतो, हे गणित त्याच्या विरोधात जातं. बावीसऐवजी सोळा गेजचा पत्रा घेतला तर ताठपणा बारापट मिळेल, पण वजन सव्वादोनपट वाढेल, पैसे किलोवर मोजावे लागतील आणि हातकातरीने तो कापताही येणार नाही. म्हणून पत्रेवाला पातळ माल घेतो आणि घडी घालून, वळ देऊन, तार भरून, पन्हळ पाडून किंवा ठोकून त्याला ताठ करतो. ट्रंक, कोठी, बादली, नरसाळं, शेगडी, छपराची पन्हळ, एसीचे डक्ट आणि तांब्याचा बंब ही सगळी याच हिशेबाची उत्तरं आहेत.

माल: आकडा मोठा, पत्रा पातळ

पत्र्याच्या दुकानात पहिला प्रश्न गेजचा. नवख्याला तो चकवतो, कारण आकडा वाढला की जाडी कमी होते. ही उलटी मोजणी तारेच्या धंद्यातून आली. तार भोकातून जितक्या जास्त वेळा ओढायची तितकी ती बारीक, आणि तितका तिचा आकडा मोठा. ब्रिटनमध्ये १८८४ पासून ‘स्टँडर्ड वायर गेज’ हे कायदेशीर माप झालं. त्या कोष्टकात १६ गेज म्हणजे १.६३ मिलिमीटर, २० म्हणजे ०.९१, २२ म्हणजे ०.७१ आणि २६ म्हणजे ०.४६. पण बाजारात एकाहून अधिक कोष्टकं चालतात, त्यामुळे सावध कारागीर माल मिलिमीटरमध्ये मागतो आणि मायक्रोमीटर लावूनच घेतो.

सगळ्यात स्वस्त तो काळा पत्रा. तापलेल्या अवस्थेत रोलमधून निघताना त्याच्यावर ऑक्साइडची काळपट खपली धरते. तो लवकर गंजतो, पण चुली-शेगड्यांना चालतो, कारण जाळाशी जस्ताचा मुलामा तसाही टिकत नाही. पाण्या-पावसाच्या कामाला जस्ती पत्रा लागतो. लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा थर चढवण्याच्या प्रक्रियेचं पेटंट १८३७ मध्ये स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच इंजिनिअरने घेतलं. सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापलेल्या जस्ताच्या कुंडात लोखंड बुडवलं जातं. हा थर लोखंडाला झाकतो आणि त्याच्या आधी स्वतः झिजतो. म्हणून ओरखडा पडून थोडं लोखंड उघडं झालं तरी आजूबाजूचं जस्त त्याला सांभाळून घेतं.

जस्ती पत्रा येण्याआधीच, १८२९ मध्ये, हेन्री रॉबिन्सन पामर या लंडनच्या गोदीसाठी काम करणाऱ्या इंजिनिअरने पन्हळी पत्र्याचं पेटंट घेतलं होतं. लाटा पाडल्या की पातळ पत्रा एका दिशेने कमालीचा ताठ होतो, आणि दोन वाशांमधलं अंतर वाढवता येतं. पन्हळ आणि जस्त एकत्र आल्यावर या पत्र्याने जगभर छपरं धरली. कोकणातल्या पडव्यांवर आणि देशावरच्या गोठ्यांवर आज दिसतो तो याच जोडीचा वंशज.

डब्यांचा पत्रा मात्र वेगळा. लोखंडाच्या पातळ पत्र्यावर कथलाचा मुलामा दिलेला असतो. कथील खाद्यपदार्थांना चालतं आणि त्याच्यावर सोल्डर चटकन धरतं, पण ते जस्तासारखं स्वतःचा बळी देत नाही. ओरखडा गेला की खालचं लोखंड उलट जोरात गंजतं. आपल्याकडे हा पत्रा मोठ्या प्रमाणावर बनू लागला तो घासलेटापायी. बर्मा ऑइल आणि टाटा स्टील यांच्या भागीदारीत १९२० मध्ये टिनप्लेट कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि जमशेदपूरजवळ गोलमुरीला तिचा कारखाना उभा राहिला. घासलेटच्या चौकोनी डब्यांना पत्रा हवा होता. ते डबे रिकामे झाल्यावर त्यांचा दुसरा संसार सुरू व्हायचा. वर आडवी लाकडी पट्टी ठोकली की पाण्याची कावड, आणि कापून उलगडला की चाळणी, डबडी, चिमण्या. गल्लीतल्या पत्रेवाल्याचा निम्मा कच्चा माल असा घरोघरच्या रिकाम्या डब्यांतून यायचा.

आखणी: आधी कागदावर गोल

पत्रेकामात कापण्याआधीच निम्मं काम झालेलं असतं. वस्तू त्रिमितीत आणि माल सपाट. तेव्हा ती वस्तू उलगडली तर कशी दिसेल हे आधी आखावं लागतं. साधं नरसाळं घ्या. तोंडाची त्रिज्या ६ सेंटिमीटर आणि तिरकी उंची १५ सेंटिमीटर असेल, तर १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळातून १४४ अंशांची पाकळी कापायची. ३६० ला ६ ने गुणून १५ ने भागलं की हा आकडा मिळतो. पाकळीचं टोक थोडं कापलं की खालच्या नळीला जागा होते. बादलीचंही गणित हेच, फक्त शंकूचं टोक बरंच वरून छाटलेलं.

पन्हळीच्या नळाचा काटकोनी कोपरा याहून मजेदार. दोन नळ ४५ अंशांत तिरके कापून जोडायचे असतात. कापलेला नळ उलगडून सपाट केला की तिरका काप सरळ रेषेत पडत नाही. लाटेसारखी वळणदार रेघ येते, गणितात जिला साइन वक्र म्हणतात. त्रिकोणमितीचं नावही न ऐकलेले कारागीर वर्तुळाचे बारा भाग पाडून, प्रत्येकाची उंची मोजून, बिंदू जोडून ही रेघ बिनचूक काढतात.

आखणीसाठी हत्यारं थोडी: पोलादी पट्टी, गुण्या, कंपास, टोकदार रेघणी आणि सेंटर पंच. जस्ती पत्र्यावर रेघणी फक्त कापायच्या रेघेपुरती वापरतात, कारण खोल रेघ मुलामा उकरते. वाकवायच्या जागी पेन्सिल बरी. शिवाय पत्रा रोलमधून कोणत्या दिशेने निघाला हेही बघावं लागतं. त्या दिशेला आडवी घडी घातली तर ती चांगली बसते. त्याच दिशेने घातली तर कडक पत्र्याला घडीच्या पाठीवर चिरा पडण्याची भीती असते.

हत्यारं: मारायचं कशाने आणि कशावर

हातकातरी सरळ आणि वाकड्या, अशा दोन तऱ्हेच्या असतात. सरळ रेघेला पहिली, गोलाईला दुसरी. नव्या धाटणीच्या कातरींना रंगीत मुठी असतात: पिवळी सरळ कापते, लाल डावीकडे वळते आणि हिरवी उजवीकडे. कातर चालवताना एक पथ्य पाळायचं. प्रत्येक चाव्याला पाती पुरती मिटू द्यायची नाहीत, नाहीतर प्रत्येक मिटण्यापाशी कडेला एक काटा राहतो, आणि तोच पुढे बोट कापतो.

हातोड्यांत मोठा भेद लाकडी आणि लोखंडी असा आहे. लाकडी हातोडा पत्रा वाकवतो, पण त्याची जाडी बदलत नाही. लोखंडी हातोडा आणि खालची ऐरण यांच्यामध्ये पत्रा चेपला की तो तिथे पातळ होऊन पसरतो. पसरलेल्या धातूला जायला जागा नसते, म्हणून पत्र्याला पोट सुटतं. शिकाऊ पोरगा त्या पोटावरच हातोडा मारतो आणि ते आणखी वाढतं. उस्ताद पोटाला हात लावत नाही. तो त्याच्या भोवतालचा पत्रा हलके ठोकून पसरवतो, आणि मधला फुगवटा आपोआप ताणून बसतो.

हातोड्याइतकंच महत्त्व खालच्या आधाराला. आयटीआयच्या शीट मेटल विभागात बाकाच्या भोकांत उभे करायचे लोखंडी आधार मांडलेले असतात. त्यांना स्टेक म्हणतात. सरळ घडीसाठी कुऱ्हाडीच्या पात्याचा, गोल कडेसाठी अर्धचंद्राचा, नरसाळ्यासाठी निमुळता, वाटीच्या बुडासाठी गोल माथ्याचा. पत्र्याला आकार वरून हातोडा देतो असं दिसतं, पण खरा साचा खालचा आधार असतो. म्हणून जुन्या दुकानात हातोड्यापेक्षा स्टेक जपून ठेवलेले आढळतात.

कड: पत्रेकामाची परीक्षा

कापलेली कड ही पत्र्याची सगळ्यात कमजोर जागा. ती हात कापते, वाकडी होते आणि गंजही तिथूनच धरतो. तिचे उपाय ठरलेले आहेत. साधा उपाय म्हणजे कड आत दुमडून दाबणे. त्याहून भक्कम म्हणजे कडेत तार भरणे: बादलीचं तोंड, घमेल्याची कड. त्यासाठी किती पत्रा जादा ठेवायचा? तारेच्या जाडीच्या अडीचपट. तार ३ मिलिमीटरची असेल तर साडेसात मिलिमीटर. कमी ठेवला तर तार उघडी पडते, जास्त ठेवला तर कडेला सुरकुत्या येतात.

दोन पत्रे जोडताना दोघांच्या कडा आकड्यासारख्या वळवून एकमेकांत अडकवतात आणि वरून दाबून बसवतात. कारागीर याला लॉक म्हणतो. सहा मिलिमीटर रुंद लॉकला एकूण अठरा मिलिमीटर पत्रा खर्ची पडतो. जस्ती पत्र्याला लॉक आणि रिव्हेटच आवडतात. वेल्डिंग केलं तर जस्त ९०७ अंशांना उकळून जातं आणि त्याचा धूर छातीत गेला की ताप भरतो.

पाणी गळू नये म्हणून लॉकवर सोल्डर. कथील २३२ अंशांना वितळतं आणि शिसं ३२७ ला, पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं एकत्र केलं तर मिश्रण १८३ अंशांनाच पाणी होतं. जागा आधी घासून, नवसागर किंवा जस्त विरघळवलेलं आम्ल लावून साफ करतात, म्हणजे पातळ झालेलं सोल्डर फटीत आपसूक ओढलं जातं. भार लॉकने पेलायचा आणि सोल्डरने फक्त फट बुजवायची, ही कामाची वाटणी ज्याला कळली त्याची बादली गळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला मात्र शिसं असलेलं सोल्डर वापरू नये.

तांबट आळी: ठोक्याचं बळ

घडी न घालताही पत्र्याला बळ देता येतं. ते पाहायचं तर पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी गाठावी. पेशव्यांच्या काळापासून इथे तांबं ठोकलं जातं. हंडे, घागरी, ताम्हणं आणि बंब ही इथली जुनी पैदास.

तांबं मऊ, म्हणून ते घडीत बसतं आणि ठोकून खोलही होतं. सपाट चकती लाकडाच्या खळग्यावर आतून ठोकून वाटी करतात, किंवा आधारावर पालथी घालून बाहेरून मारत तिचा घेर आवळत नेतात. पण जसजसे ठोके पडतात तसतसं तांबं कडक होतं. स्फटिकांच्या आतल्या सरकणाऱ्या जागा एकमेकांत अडकतात, आणि तसंच रेटलं तर भांड्याला चीर जाते. म्हणून मधेमधे ते मंद लाल होईपर्यंत तापवतात. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं तर कडक होतं, तांबं मात्र मऊच राहतं. नव्या तांबटाला हा फरक पहिल्याच दिवशी शिकावा लागतो. वर चढलेली काळी खपली आंबट पाण्याने निघते.

बंबाची रचना म्हणजे पत्रेकामाचा कळस. बाहेरच्या पिंपाच्या आत, मधोमध एक उभी नळी असते. खाली कोळसा-लाकडाचा जाळ, धूर नळीतून वर, आणि पाणी नळी व पिंप यांच्यामध्ये. जाळाचा स्पर्श सगळ्या बाजूंनी पाण्याला. जुन्या भांड्यांत उभा सांधा दातेरी कापून, दाते एकमेकांत गुंतवून, पितळेचा रवा आणि टाकणखार घालून जाळावर झाळलेला दिसतो. असा सांधा बाकीच्या भांड्याइतकाच भक्कम.

आकार झाला की शेवटचं काम मठारण्याचं. गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने भांड्यावर ओळीने, एकाला एक लागून, सारख्या जोराचे ठोके मारतात. गिऱ्हाईक त्या चकाकत्या खड्यांकडे नक्षी म्हणून पाहतं. पण मऊ झालेल्या तांब्याला पुन्हा कडक करून पातळ भिंतीला ठामपणा देणं हे मठारकामाचं खरं काम. पन्हळी पत्र्याला जे बळ लाटेने येतं, ते इथे धातूच्या आत भरलं जातं.

स्वयंपाकाच्या भांड्याला मग आतून कल्हई हवी. नाहीतर ताक, चिंच, टोमॅटो अशा आंबट गोष्टी तांब्यात कळकतात. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्याने पसरवायचं. स्टेनलेस स्टील घरोघर पोहोचल्यावर कल्हईवाल्याची हाक विरळ झाली आणि हंड्यांची मागणी ओसरली. आळीतली घरं आता मठारलेले पाण्याचे तांबे, ताटं, दिवे, शोभेच्या वस्तू यांवर बरीचशी चालतात.

यंत्र आलं, नियम राहिला

आज लेझर पत्रा कापतो, संगणकावर चालणारा प्रेस-ब्रेक घडी घालतो आणि उलगडा सॉफ्टवेअर काढून देतं. पण घडीत बाहेरचा थर ताणतो आणि आतला दबतो, म्हणून जादा पत्रा किती ठेवायचा हे त्यालाही सांगावंच लागतं. एसीच्या डक्टची रुंद बाजू हवेच्या दाबाने ढोलासारखी वाजू नये म्हणून तिच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हलकी फुली मोडतात. मोटारीच्या बॉनेटवरच्या धारदार रेघा आणि कपाटाच्या दारावरच्या उभ्या पट्ट्याही शोभेइतक्याच ताठपणासाठी असतात. हातकामात जे नियम ठरले, तेच यंत्राने उचलले.

तेव्हा ट्रंक, कोठी किंवा बादली घ्यायला गेलात, तर दुकानदाराने सांगितलेल्या गेजवर विसंबू नका. झाकण उलटं करा आणि कड पाहा. आतल्या बाजूने घडी नीट दाबली आहे का, कडेत तार आहे की नुसताच पोकळ वळ, कोपऱ्यावर लॉक सरळ बसलं आहे की वरून सोल्डरचा थर देऊन चूक लपवली आहे, तळाला फुली किंवा वळ्या पाडल्या आहेत का. जाड पत्र्याची पण उघड्या कडेची पेटी वर्षभरात गंजून वाकडी होते. पातळ पत्र्याची पण नीट बांधलेली पेटी बापाकडून मुलाकडे जाते. पैसे मोजायचे तर कडेच्या कामाचे मोजावेत.